इन्नू स्वल्प

पहाटेच्या गाडीनं लोंढ्याला सात मुलं उतरली,
सिस्टरनी जीपमधून नंदगडला आणली.
त्यातली दोघं सोमवारी माझ्या तिसरीत.
नावं लिहिताना मी दोनदा खोडली:
लिंगनेइकिम. धाकटा थांगबोई.
'मागील शाळा' या रकान्यापाशी गुरुजी थांबले,
काय लिहू?
सिस्टर म्हणाल्या, जळली.
गुरुजींनी तेच लिहिलं,
निळ्या शाईत, त्यांच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात.

थांगबोईला विटीदांडूनं दुसऱ्याच दिवशी ओढून नेलं.
किम दाराजवळची जागा सोडेना.
दप्तर पाठीवरच. चपला पायातच.
आमच्यात वर्गाबाहेर काढतात चपला.
मी एकदाच बोटानं खूण केली,
तिनं माझ्याकडं नाही, रस्त्याकडं बघितलं,
किती पावलं आहेत ते मोजल्यासारखं.
पुन्हा खूण केली नाही.
दुसऱ्या दिवशी भरम्याचा सातेरी
चपला घालूनच आत आला. मी गप्प बसले.

बेळगावात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं माझं.
चित्र काढू द्या, म्हणाले होते.
दिलं. तिनं काळा खडू घेतला
आणि कागद भरत गेली, कडेपासून कडेपर्यंत,
खडूचं टोक संपून बोटं घासायला लागली तरी.
मला आमचा फलक आठवला.
मी सहावीत असताना एका रात्रीत
शाळेच्या मराठी नावावर कुणी डांबर फासलेलं,
आणि बाबा रॉकेलच्या बोळ्यानं एकेक अक्षर वर काढत होते.
बादली माझ्या हातात.
तेव्हापासून कानडी मला येतं,
पण लागेल तेवढंच बोलते. बाजारापुरतं. बसपुरतं.
डांबर आणि जळलेलं गाव
एका मापात बसत नाही, हे मला कळतं.
तरी कागद तिच्या हातून काढून घेताना
माझेच हात काळे झाले.

मुळाक्षरं घेतली.
'आ' आईचा म्हणायला तोंड उघडलं,
आणि घाईघाईनं आंब्याकडं वळले.
सगळा वर्ग माझ्यामागून ओरडला, आंबा!
ती सोडून.

श्रावणात गॅस संपला.
कल्लव्वानं व्हरांड्यात चूल पेटवली,
ओली लाकडं, धूर सरळ वर्गात.
किम बाकाखाली. कान दाबून, गुडघ्यांत डोकं.
घंटा झाली, मधली सुट्टी झाली, ती तिथंच.
सातेरी तिच्याशेजारी जमिनीवर बसून
अंकलिपी चाळत राहिला.

कल्लव्वाला कुणी काही सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी चूल फणसापलीकडं गेली,
वाऱ्याच्या उलट्या अंगाला.
भाताचं पातेलं, सारूचं पातेलं
पन्नास पावलं एकटी आणायची,
पदरानं कडा धरून, पावसात.
बाई, कंबर जाईल, मी म्हटलं.
तिनं ऐकलंच नाही,
की ऐकलं ते कानडीत नव्हतं म्हणून.

भाद्रपद लागला. गुरुवार होता.
पंगतीत कल्लव्वा वाढत पुढं सरकली,
आणि मागून आवाज आला,
बारीक, घसा न वापरलेला:
इन्नू स्वल्प.
अजून थोडं.

पळी मध्येच थांबली नाही.
कल्लव्वानं वळून वाढलं,
जसं काही ही पोरगी रोजच मागते.
थांगबोई मात्र घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिला.

खोटं कशाला सांगू,
क्षणभर मला वाईट वाटलं.
चार महिने मी आंबा, इमारत, ईडलिंबू,
आणि शब्द उगवला तो फणसाखालच्या मातीत,
मी बाजारापुरत्या ठेवलेल्या भाषेत.
मग मीही ताट पुढं केलं.
म्हटलं, कल्लव्वा, नऩगू.
मलाही.
तिनं माझ्याकडं बघितलं. सोळा वर्षांची ओळख आमची.

शुक्रवारी हजेरी घेतली.
लिंगनेइकिम, मी म्हटलं,
आता न अडखळता जमतं.
उत्तर नाही.
मी तिचं नाव हजर लावलं.
दप्तर आज बाकावर होतं.
चपला पायातच.